पांढरं इंजेक्शन मागू की पिवळं? सिझरच्या पूर्ण भुलेबद्दल

पत्र असं आहे:

‘मॅडम, मी घाटंजी तालुक्यातली. आठवा महिना सुरू आहे. बाळ पायाळू आहे म्हणून डॉक्टरांनी सिझरच सांगितलं. काही वर्षांआधी मला मणक्याचा टीबी झाला होता, नागपूरला ऑपरेशन करून रॉड टाकले. त्यामुळे पाठीतलं इंजेक्शन जमेल की नाही सांगता येत नाही, पूर्ण भूल द्यावी लागेल असं म्हणाले. तेव्हापासून घरात हाच विषय. माझ्या जावेचं सिझर रात्री घाईत झालं होतं, तिच्या अंगावरून खूप जात होतं. तिला केटामिन दिलं होतं. शुद्धीवर येताना तिला भिंती वाहताना दिसल्या, वारलेली आजी दिसली, ती ओरडत होती. माझे दीर मेडिकलवर बसतात. ते म्हणतात, दुधासारखं पांढरं इंजेक्शन येतं तेच मागायचं, पिवळ्या पावडरचं जुनं औषध बाळाला घातक असतं, लागलं तर मी आणून देतो. सासूबाई म्हणतात, पूर्ण भुलेचं पोर मंद निघतं, डॉक्टरला सांग भूल कमीच दे. मी कोणाचं ऐकू? कोणतं औषध मागू?’

ताई, कोणतंच औषध नाव घेऊन मागू नका. आणि ‘भूल कमी द्या’ हे तर अजिबात म्हणू नका. तुमच्या पत्रातल्या तीन औषधांपैकी एकही वाईट नाही. घरातल्या मतांपैकी एक मात्र खरंच धोक्याचं आहे, आणि ते सासूबाईंचं आहे. त्यांची काळजी खरी आहे, नातवंडाच्या जिवासाठीच त्या बोलताहेत. म्हणून त्यांना वाचून दाखवता येईल असंच लिहिते.

पण आधी पाठीचं. रॉड टाकले म्हणजे पाठीतलं इंजेक्शन कायमचं बंद, असं नसतं. ते इंजेक्शन कंबरेच्या खालच्या मणक्यांमधल्या फटीत देतात. रॉड त्याच्या वर असतील, खालची फट मोकळी असेल, टीबी पूर्ण बरा झाला असेल आणि पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा नसेल, तर भुलेचे डॉक्टर एक्स-रे बघून कदाचित ‘प्रयत्न करू’ म्हणतील. अशा पाठीत कधी कधी औषध सारखं पसरत नाही आणि एक बाजू पुरती बधिर होत नाही, हेही ते सांगतील. साध्या सिझरला पाठीतल्या इंजेक्शनलाच पहिली पसंती असते, कारण आई जागी राहते, स्वतःचा श्वास स्वतः घेते आणि बाळापर्यंत औषध नावापुरतंच पोहोचतं. तुमचं सिझर ठरवून होणार आहे. त्यामुळे हा निर्णय दिवसाउजेडी, कागद समोर ठेवून घेता येईल. नागपूरचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशननंतरचे एक्स-रे आणि एमआरआय झाला असेल तर तोही आजच शोधून एका पिशवीत ठेवा. हे कागद गरोदरपण तपासणाऱ्या डॉक्टरांनी पाहिले असतील, पण भुलेच्या डॉक्टरांनी पाहायला हवेत. त्यांची भेट याच महिन्यात मागून घ्या.

आता सासूबाईंचं म्हणणं. जन्मल्यावर काही मिनिटं बाळ सुस्त असणं आणि पुढे बुद्धीनं मंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिझरच्या एका छोट्या भुलेनं मूल बुद्धीनं मंद होतं असा पुरावा नाही. सुस्तीचं मात्र खरं आहे, ती येऊ शकते. झोप आणणारी ही सगळी औषधं वारेतून मिनिटभरात बाळाकडे जातात. तरीही बहुतेक बाळं रडतच बाहेर येतात. असं का होतं? एकदाच दिलेलं औषध आधी मेंदूत पोहोचतं, आई झोपते, आणि मग ते स्नायूंत आणि चरबीत पसरत जातं. पाटाचं पाणी पुढच्या वाफ्यांत सोडलं की पहिल्या वाफ्यातली पातळी जशी उतरते, तशी आईच्या रक्तातली पातळी काही मिनिटांतच उतरते. बाळाकडे जाणाऱ्या नाळेतल्या रक्ताचा बराचसा भाग आधी बाळाच्या यकृतातून जातो, मग बाळाच्या पायांकडून येणाऱ्या रक्तात मिसळतो. त्यामुळे बाळाच्या मेंदूपर्यंत जाईस्तोवर औषध आणखी पातळ झालेलं असतं. एवढं होऊन बाळ सुस्त निघालंच, तर मास्क आणि फुग्यानं थोडा वेळ श्वास देतात आणि ते सावरतं. जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाला जे अपगार गुण देतात, ती पद्धत व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनीच १९५२ साली काढली. बाळाची काळजी करणं आम्हा भूलतज्ज्ञांच्या कामाचाच भाग आहे, हे सासूबाईंना सांगा.

कमी भुलेनं होतं काय ते बघा. पूर्ण भुलेत झोपेच्या औषधापाठोपाठ स्नायू सैल करणारं औषध देतात, म्हणजे हात-पाय, जीभ, पापण्या काहीच हलत नाही. झोपेचं औषध अपुरं पडलं तर बाई आतून जागी असते, पण ते कोणाला सांगू शकत नाही. बाळाच्या धास्तीनं सिझरमध्ये मात्रा हात राखून देण्याची पद्धत पूर्वी होतीच. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भुलेत जाग येण्याबद्दल एक मोठी राष्ट्रीय पाहणी झाली, तिचा अहवाल २०१४ साली आला. एकूण भुलांमध्ये अशी तक्रार सुमारे १९,००० मध्ये १ होती, पूर्ण भुलेच्या सिझरमध्ये सुमारे ६७० मध्ये १. घाई, झोप लागण्यापासून चीर देण्यापर्यंतचा अगदी थोडा वेळ आणि अपुरी मात्रा ही त्यामागची कारणं. म्हणजे धोका मोठा नाही, पण सिझरमध्येच तो इतरांपेक्षा जास्त आहे, आणि ‘कमी द्या’ म्हणणारे नातेवाईक तो वाढवतात. शिवाय त्यात बाळाचाही फायदा नाही. आई अर्धवट जागी असताना वेदनेनं तिच्या रक्तात अ‍ॅड्रेनालिन उसळतं, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बाळाचाच रक्तपुरवठा कमी होतो. मात्रा वजनावर ठरते. तुमचं वजन ५० किलो धरलं, तर थायोपेंटोन (ते पिवळं) साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम, प्रोपोफॉल (ते पांढरं) १०० ते १२५, केटामिन ५० ते ७५. तुमची तब्येत बघून त्यात कमी-जास्त करणं डॉक्टरांवर सोडा.

दीर ज्याला घातक म्हणतात ते पिवळं औषध म्हणजे थायोपेंटोन. १९३४ पासून ते माणसांना दिलं जातंय आणि पूर्ण भुलेच्या सिझरमध्ये कित्येक दशकं तेच पहिलं औषध होतं. अर्ध्या ग्रॅमच्या कुपीत २० मिली पाणी घालून हलवलं की फिकट पिवळं द्रावण होतं, त्याला गंधकाचा उग्र वास असतो. शिरेत जाताना काही बायकांना तोंडात लसणाची चव येते, आणि अर्ध्या मिनिटात झोप लागते. झोप नेमकी कधी लागली ते डोळ्यांनी दिसतं, हा त्याचा मोठा गुण. झटक्यांच्या पेशंटला ते चांगलं, कारण ते झटके दाबतं. खोडी म्हणाल तर शिरेबाहेर गेलं की जाळतं, चुकून धमनीत गेलं तर हाताला गंभीर इजा करतं, म्हणून सुई पक्की लागली पाहिजे. पोर्फायरिया नावाचा दुर्मीळ आजार असेल तर ते चालत नाही. आणखी एक गोष्ट त्याच ब्रिटिश पाहणीत पुढे आली: सिरिंजमध्ये भरलेलं थायोपेंटोन अँटिबायोटिकच्या द्रावणासारखंच दिसतं, आणि दोन्हींची अदलाबदल झाल्याच्या घटना घडल्या होत्या. म्हणूनच सिरिंजवर नावाची पट्टी लागते. अमेरिकेत ते २०११ पासून मिळेनासं झालं हे दिरांनी कुठे वाचलं असेल, तर त्याचं कारण बाळं नव्हती. मृत्युदंडासाठी त्याचा वापर व्हायचा, त्या वादातून तिथल्या एकमेव उत्पादकानं ते बनवणं थांबवलं.

पांढरं म्हणजे प्रोपोफॉल. ते १९८६ च्या सुमारास बाजारात आलं. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांच्या मिश्रणात विरघळवलेलं असतं, म्हणून दुधासारखं दिसतं. आज रोजच्या ऑपरेशनांमध्ये सगळीकडे हेच वापरतात. हात बसलेला आहे, पावडर कालवावी लागत नाही, अँटिबायोटिकशी गोंधळ होत नाही, जाग आल्यावर डोकं लवकर हलकं होतं. श्वासनळीत नळी टाकताना रक्तदाब एकदम उसळतो, त्याला ते चांगलं आवर घालतं. म्हणून अनेक ठिकाणी सिझरमध्येही त्यानं थायोपेंटोनची जागा घेतली. जाताना हाताच्या शिरेत ठणका लागतो, मनगटापासून कोपरापर्यंत आग झाल्यासारखं वाटतं, तेव्हा दचकू नका, काही सेकंदांचं असतं. त्याचा खरा दोष वेगळा: ते रक्तदाब खाली आणतं. बाळाला मिळणारं रक्त आईच्या रक्तदाबावर अवलंबून असतं. त्यामुळे जिचं रक्त गेलंय, जी उलट्या होऊन कोरडी पडलीय, तिला हे जपून द्यावं लागतं किंवा देतच नाहीत. बाळाच्या दृष्टीनं थायोपेंटोन बरं की प्रोपोफॉल, याच्या तुलना पुष्कळ झाल्या. पहिल्या मिनिटाला इकडे-तिकडे थोडा फरक दिसतो, पाचव्या मिनिटाच्या अपगारमध्ये ठळक फरक दिसत नाही. म्हणजे दिरांच्या ‘घातक’ला आधार नाही.

आता तुमच्या जावेचं, कारण तिच्याबद्दल वाचून मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटलं. ‘अंगावरून खूप जात होतं’ हे तुम्ही लिहिलंत, त्यात उत्तर आहे. रक्त गेलेल्या बाईला केटामिन देणं हा योग्य निर्णय होता. १९६२ साली तयार झालेलं आणि १९७० पासून मान्यता असलेलं हे औषध इतर औषधांच्या उलट वागतं. ते रक्तदाब टिकवतं, वर नेतं, वेदनाही मारतं. त्या रात्री पांढरं इंजेक्शन दिलं असतं तर रक्तदाब कोसळण्याची भीती होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत केटामिन आहे. मेळघाट असो की भामरागड, आडबाजूच्या दवाखान्यांत त्यानं किती जीव तारले असतील! जावेला जे दिसलं, भिंती वाहणं, वारलेली माणसं समोर येणं, तो या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. ती वेडी झाली नव्हती. लागीर नव्हतं, बाहेरचं काही नव्हतं. घरात कोणी अजून तसं कुजबुजत असेल तर ते आज बंद करा, आणि तिला हे तुम्ही स्वतः जवळ बसून सांगा. अशी स्वप्नं कमी करता येतात. बाळ बाहेर आल्यावर आईला मिडाझोलामसारखं औषध देतात, आणि जाग येताना आजूबाजूला गोंगाट, गालावर चापट्या, मोठे दिवे नसले की पेशंट शांत उठतो. केटामिन टाळायचं ते गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या, झटके आलेल्या बाईला. तिथे ते आगीत तेल ओतल्यासारखं होतं. मात्रा किलोमागे २ मिलिग्रॅमच्या वर गेली तर गर्भाशय आवळलं जातं आणि बाळही सुस्त होतं, म्हणून सिझरमध्ये मात्रा त्याच्या आत ठेवतात.

एक चौथं औषधही आहे, इटोमिडेट. हृदयाची झडप खराब असलेल्या, हृदय कमजोर झालेल्या आईला ते देतात, कारण रक्तदाब फारसा हलत नाही. झोप लागताना हातपाय झटकल्यासारखे होतात, आणि मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीचं काम काही तास मंदावतं. तुम्हाला त्याची गरज पडेलसं पत्रावरून वाटत नाही. पण लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, चढ चढताना दम लागतो, असं काही असेल तर आत्ताच सांगा. मग ऑपरेशन यवतमाळच्या मेडिकल कॉलेजमध्ये, सेवाग्रामला किंवा नागपूरलाच व्हायला हवं.

तुमचा रक्तदाब नीट असेल, रक्त गेलेलं नसेल, हृदय चांगलं असेल, तर पांढरं काय नि पिवळं काय, दोन्ही तुम्हाला चालतील. देणाऱ्याचा हात ज्यावर बसलाय ते तुमच्यासाठी चांगलं. आणि टेबलावर परिस्थिती पालटली तर औषध पालटेल, ती मोकळीक डॉक्टरांकडे राहू द्या. दिरांना सांगा, बाहेरून काही आणू नका. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सिझर, औषधं, रक्त, जाण्या-येण्याची गाडी सगळं मोफत आहे. प्रोपोफॉलच्या मिश्रणात जंतू झपाट्यानं वाढतात. त्याची साठवण, तारीख, फोडल्यावर किती तासांत वापरायचं, ही जबाबदारी ऑपरेशन थिएटरची असते, घरच्यांच्या पिशवीतून येणाऱ्या बाटलीची खात्री कोण देणार?

औषधाच्या नावापेक्षा ज्या गोष्टींनी खरंच फरक पडतो, त्यातल्या दोन तुमच्या घरातच आहेत. पहिली, खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. आपल्या भागात बायकाही खातात आणि दवाखान्यात लाजेनं ‘नाही’ म्हणतात. खर्रा-सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी आखडते आणि जबडा पुरता उघडत नाही. पूर्ण भुलेत श्वासनळीत नळी टाकायला तोंड उघडावं लागतं, आणि गरोदरपणात घशाला सूज असल्यानं ते आधीच कठीण असतं. आत्ता आरशासमोर उभ्या राहा, तोंड उघडा आणि तुमचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील तर ती गोष्ट भुलेच्या डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. हलणारा दात असेल तर तोही दाखवा.

दुसरी, कळा सुरू झाल्या की पोरीला ताकद यावी म्हणून गरम दुधात तूप घालून पाजण्याची रीत. ती मायेची आहे, पण पूर्ण भुलेत जीवघेणी ठरू शकते. कळा सुरू झाल्यावर बाईचं पोट हळू रिकामं होतं, आणि झोप लागल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली हेच दाखवलं, तेव्हापासून प्रसूतीत उपाशीपोटाचा नियम कडक झाला. ठरलेल्या सिझरच्या आदल्या रात्री हलकं जेवा, त्यानंतर घन काही नाही, दूधही नाही. साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या दवाखान्याची वेळ विचारून घ्या.

सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली नसेल तर करून घ्या. पूर्व विदर्भात तर हे विचारावंच लागतं, पण यवतमाळकडेही पेशंट आहेत. सिकलसेल असेल तरी वरची औषधं चालतात. काळजी घ्यायची ती प्राणवायू कमी न पडू देण्याची, अंग गार न पडू देण्याची आणि सलाईन वेळेवर चालू ठेवण्याची. तयारी आधी करता यावी म्हणून ते आधी कळायला हवं. हिमोग्लोबिन किती आहे तेही बघा, अजून महिना हाताशी आहे.

ऑपरेशनच्या दिवशी टेबल डावीकडे थोडं कलतं करतील, म्हणजे पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. आंबट-खारट औषध प्यायला देतील, ते पोटातलं आम्ल मारण्यासाठी. मग तोंडावर मास्क घट्ट धरून तीन मिनिटं प्राणवायू. घुसमटल्यासारखं वाटेल, तरी मास्क बाजूला करू नका. गरोदर बाईच्या फुप्फुसात प्राणवायूचा साठा कमी आणि खर्च जास्त, त्यामुळे ही तीन मिनिटं फार मोलाची. पोट आधीच पुसून, कापड टाकून, सर्जन तयार उभे असतील. झोपेचं इंजेक्शन त्यानंतरच, कारण झोप आणि जन्म यांत वेळ दवडायचा नसतो. झोपताना कोणी गळ्यावर समोरून बोटं दाबेल, ते पोटातलं वर येऊ नये म्हणून. जाग आल्यावर घसा खवखवेल, दुसऱ्या दिवशी अंग आंबल्यासारखं दुखेल, ते स्नायू सैल करणाऱ्या औषधामुळे. नीट जाग आली, बाळाला धरता येऊ लागलं की लगेच पाजा. या औषधांचा अंश दुधात इतका थोडा उतरतो की पहिलं दूध पिळून टाकायची गरज नाही. सासूबाई टाकायला सांगतील, तर हे वाक्य त्यांना दोनदा वाचून दाखवा.

तुमच्या ठरलेल्या तारखेला भुलेचे डॉक्टर हजर आहेत ना, हे आशाताईंकडून आदल्या दिवशी पक्कं करून घ्या. नसतील तर तारीख बदलू द्या किंवा यवतमाळला जा. पावसात नाला भरून गावाचा रस्ता तुटत असेल तर दोन-चार दिवस आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहायला जा. तारखेआधी कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर १०८ ला फोन करा, तोंडात काही घालू नका, एक्स-रेची पिशवी बरोबर घ्या, आणि पोहोचल्याबरोबर पहिल्या सिस्टरला सांगा: बाळ पायाळू आहे, पाठीत रॉड आहेत, शेवटचं खाल्लं ते अमुक वाजता.